अलास्कातले सगळे आदिवासी तेलाच्या विरोधात आहेत का?
अलास्काच्या आर्क्टिक अभयारण्यात तेल काढायला 'सगळ्या आदिवासींचा विरोध' आहे, हे वर्षानुवर्षं फिरणारं विधान अर्धंच खरं आहे. ब्रूक्स पर्वतरांगेच्या दक्षिणेकडचे ग्विचिन आदिवासी ठाम विरोधात आहेत. 'पोर्क्युपाइन' नावाच्या कळपातल्या कॅरिबूंच्या, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरच्या, माद्या ज्या किनारी मैदानात वितात, ती जागा त्यांच्या लेखी पवित्र, 'जिथे जीवन सुरू होतं' अशी. कॅरिबूच्या मांसावरच त्यांची घरं चालतात.

पण त्याच मैदानाच्या काठावर काक्टोविक हे गाव आहे. तिथले बरेच इन्युपियाट आदिवासी तेलाच्या बाजूने आहेत, काही विरोधातही. शाळा, दवाखाना, घरातलं नळाचं पाणी यांचा पैसा मुख्यतः तेल उद्योगावरच्या स्थानिक करातून आला. समुद्रातल्या ड्रिलिंगला मात्र यांच्यातलेच अनेकजण घाबरतात, कारण तिथे बोहेड व्हेल आहे, त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं अन्न. तेलाच्या बाजूने असलेल्या इन्युपियाटांना लालची म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.