एमआरआयचं चुंबक इंजेक्शनमधलं लोह ओढतं का?

नाशिकला मुंबई नाक्याच्या आसपास स्कॅन सेंटरच्या बाकावर ही भीती हमखास ऐकू येते: "कॉन्ट्रास्टमध्ये (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेत देतात त्या इंजेक्शनमध्ये) लोखंडाचे कण असतात, मशीन ते ओढतं आणि शिरा फाटतात." हे साफ चुकीचं आहे.

मुळात नेहमीच्या एमआरआय कॉन्ट्रास्टमध्ये लोह नसतंच, गॅडोलिनियम हा वेगळा धातू असतो. तिथे काळजी किडनीची, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

लोहकण वापरले, तरी ते लोह-ऑक्साइडचे असतात. गाभा जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर, वर डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचं आवरण. इतक्या बारीक कणाचं चुंबकत्व बाहेरचं क्षेत्र हटताच मावळतं, म्हणून ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत. शिवाय ओढ लागते ती क्षेत्राची तीव्रता झपाट्याने बदलते तिथे, म्हणजे मशीनच्या तोंडाशी. बोगद्याच्या मध्यावर क्षेत्र जवळपास एकसारखं असतं. साडीची लोखंडी पिन मात्र तोंडाशीच खेचली जाते. ती आधी काढाच.

अशाच लोहकणांचा एक नवा प्रकार म्हणजे 'प्रतिसादी' कण: ते कॅल्शियम किंवा ठरावीक विकर (एन्झाइम) भेटलं की पुंजके करतात, आणि भोवतालच्या पाण्याचा सिग्नल बदलतो. कल्पना फार सुंदर, पण काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

लोहकणांचा खरा धोका ॲलर्जीचा. फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयावरचं लोहकणांचं औषध म्हणूनच पातळ करून, किमान १५ मिनिटं घेऊन सावकाश देतात आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. त्याचा परिणाम एमआरआयच्या चित्रावर ३ महिन्यांपर्यंत दिसू शकतो. ते घेतलं असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा.