केप्लर अवकाश दुर्बीण

केप्लर अवकाश दुर्बीण : सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे, विशेषतः पृथ्वीएवढे ग्रह शोधण्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने ७ मार्च २००९ रोजी (जागतिक वेळेनुसार) केप कॅनाव्हरल येथून डेल्टा २ अग्निबाणाने सोडलेली दुर्बीण. ग्रहगतीचे नियम मांडणारे योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांचे नाव तिला दिले आहे. ‘बाह्यग्रह’ हा शब्द मंगळ, गुरू, शनी यांच्यासाठीही वापरला जात असल्याने या नोंदीत ‘सौरेतर ग्रह’ ही संज्ञा योजली आहे.

कल्पनेचा उगम : ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकताना ताऱ्याचे तेज किंचित उतरते. या अधिक्रमणावरून ग्रह ओळखण्याच्या कल्पनेचे श्रेय अनेकदा ऑटो स्ट्रूव्ह यांच्या १९५२ च्या टिपणाला दिले जाते. मात्र ते टिपण मुख्यतः ताऱ्यांच्या अरीय वेगाच्या (आपल्याकडे येण्याच्या वा दूर जाण्याच्या वेगाच्या) मापनाविषयी आहे. अधिक्रमणाचा उल्लेख त्यात ओघाने येतो. निरीक्षणाची पद्धत म्हणून सविस्तर मांडणी फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९७१ मध्ये केली. दोन रंगांत तेज मोजून अधिक्रमण ओळखावे, असे त्यांनी सुचवले होते. नासातील विल्यम बोरुकी व ऑड्री समर्स यांनी १९८४ मध्ये गणित तपासून दाखवले, की गुरूएवढे ग्रह जमिनीवरून सापडू शकतील. पृथ्वीएवढ्यांसाठी मात्र वातावरणाबाहेर जावे लागेल. केप्लर मोहिमेचा खरा आरंभ येथे मानणे अधिक योग्य वाटते.

बोरुकी यांचे प्रस्ताव १९९२, १९९४, १९९६ आणि १९९८ मध्ये नाकारले गेले. आधी पुरेसे अचूक संवेदक नाहीत हा आक्षेप होता, नंतर खर्चाचा. हजारो तारे एकाच वेळी मोजता येतात का, हे दाखवण्यासाठी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत एक स्वयंचलित प्रकाशमापक चालवावा लागला. यानाच्या थरथरीतही अचूकता टिकते, हे अखेर प्रयोगशाळेतील चाचणीत सिद्ध करावे लागले. डिसेंबर २००१ मध्ये मोहिमेची निवड झाली.

रचना : ही श्मिट प्रकारची (पुढे दुरुस्ती भिंग व मागे गोलीय आरसा असलेली) दुर्बीण होती. दुरुस्ती भिंगाचा व्यास ०.९५ मी. आणि मुख्य आरशाचा १.४ मी. नाभीपृष्ठावर (प्रतिमा उमटते त्या पृष्ठावर) ४२ सीसीडी (प्रकाश टिपणारे इलेक्ट्रॉनिक संवेदक), म्हणजे सुमारे साडेनऊ कोटी चित्रबिंदू होते. हंस, स्वरमंडल व कालेय या तारकासमूहांतील सुमारे ११५ चौरस अंशांचा एकच पट्टा ती सतत पाहत असे आणि त्यातील दीड लाखांहून अधिक ताऱ्यांचे तेज मोजत असे. प्रतिमा मुद्दाम थोडी अस्पष्ट ठेवली होती. ताऱ्याचा प्रकाश अनेक चित्रबिंदूंवर पसरला की एखाद्याच बिंदूच्या दोषाने मापन बिघडत नाही. सुमारे ६ सेकंदांची २७० उद्भासने (प्रकाश टिपण्याचे टप्पे) यानावरच बेरीज करून २९.४ मिनिटांची एक नोंद बनवली जाई. यान पृथ्वीच्या मागून सूर्याभोवती सुमारे ३७२ दिवसांत फेरी मारत असे, आणि सौरपट्ट सूर्याकडे राहावेत म्हणून दर तीन महिन्यांनी ते ९० अंश फिरवत. त्यामुळे तोच तारा दर तिमाहीत वेगळ्या सीसीडीवर पडे. जानेवारी २०१० मध्ये दोन सीसीडींचा एक संच निकामी झाला, तेव्हापासून काही ताऱ्यांच्या मापनात दरवर्षी एका तिमाहीची खिंडार पडू लागली.

मापनातील अडचणी : दुरून पाहणाऱ्याला पृथ्वीमुळे सूर्याचे तेज दहा लाखांत ८४ भागांनी कमी झालेले दिसेल, तेही वर्षातून एकदा आणि जास्तीत जास्त १३ तास. कक्षेची पातळी जुळून असे अधिक्रमण दिसण्याची शक्यता सुमारे अर्धा टक्का. समान अंतराने किमान तीन अधिक्रमणे दिसल्याशिवाय संकेत ग्राह्य धरत नसत. बाराव्या प्रतीच्या (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, मंद) ताऱ्यासाठी साडेसहा तासांत दहा लाखांत २० भाग एवढी अचूकता अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती ३० भागांच्या आसपास राहिली. दोष प्रामुख्याने यंत्राचा नव्हता. सूर्यासारखे तारे अंदाजापेक्षा अधिक चंचल निघाले. ही कसर भरून काढण्यासाठी साडेतीन वर्षांऐवजी दुप्पट काळ हवा होता, आणि तो मिळाला नाही.

दूरच्या पिधानकारी युग्मताऱ्यांचा (एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा) प्रकाश मिसळूनही ग्रहासारखा संकेत मिळतो. त्यासाठी तेज उतरताना प्रकाशकेंद्र सरकते का, हे तपासतात. याहून कठीण अडचण म्हणजे काही सीसीडींच्या इलेक्ट्रॉनिक गोंगाटाची. यान एका फेरीनंतर पुन्हा त्याच स्थितीत येत असल्याने ३७२ दिवसांच्या आसपास खोट्या संकेतांची गर्दी होते, आणि पृथ्वीसारखे ग्रह नेमके तेथेच शोधायचे असतात. ३८५ दिवसांत फेरी पूर्ण करणाऱ्या केप्लर-४५२बी या ग्रहाच्या (२०१५) निश्चितीवर याच कारणाने २०१८ मध्ये शंका घेण्यात आली.

चाकांचा बिघाड व के२ : यानाची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार रिॲक्शन व्हीलपैकी (फिरत्या चाकांपैकी) एक जुलै २०१२ मध्ये आणि दुसरे मे २०१३ मध्ये बंद पडले. धारव्यातील (बेअरिंगमधील) घर्षण वाढले होते. सौर वादळांच्या काळात धारव्यांतून विद्युत ठिणग्या पडून पृष्ठभाग खडबडीत झाला असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. उरलेल्या दोन चाकांवर यान राशिचक्राच्या पट्ट्याकडे वळवून सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना समान पडेल असे तोलले गेले. मे २०१४ पासूनची ही के२ मोहीम सुमारे ८० दिवसांच्या टप्प्यांत चाले. ढळलेले यान साधारण दर सहा तासांनी इंधनाच्या फवाऱ्याने सावरत; त्यामुळे तेजाच्या आलेखावर करवतीसारखे दाते उमटत आणि ते गणिताने काढावे लागत. इंधन संपल्यावर १५ नोव्हेंबर २०१८ रोजी, केप्लर यांच्या पुण्यतिथीला, यान बंद करण्याचे अखेरचे आदेश पाठवले गेले.

निष्कर्ष : मोहीम संपली तेव्हा तिच्या नावावर २,६०० हून अधिक निश्चित सौरेतर ग्रह होते. केप्लर-१०बी (२०११) हा खडकाळ ग्रह, दोन सूर्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी (२०११) आणि वसतियोग्य पट्ट्यातील (पाणी द्रवरूपात राहू शकेल इतक्या अंतरावरील), पृथ्वीएवढा केप्लर-१८६एफ (२०१४) हे त्यांपैकी विशेष उल्लेखनीय. पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येचे ग्रह विरळ असल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. सूर्यासारख्या किती ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह असावेत, या मूळ प्रश्नावर मात्र मतभेद आहेत. २०१३ मध्ये सुमारे २२ टक्के हे उत्तर आले. पुढच्याच वर्षी तीच माहिती वेगळ्या सांख्यिकीने तपासून सुमारे २ टक्के. ३७ ते ६० टक्के हा नंतरचा अंदाज वसतियोग्य पट्ट्याच्या वेगळ्या व्याख्येवर आधारलेला असल्याने आधीच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही. खोट्या संकेतांचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजून केलेले हे अलीकडचे गणित पद्धत म्हणून अधिक भरवशाचे दिसते. पण मुळात इतक्या दीर्घ आवर्तकाळाचे (एका फेरीच्या काळाचे) छोटे ग्रह फारच थोडे हाती लागल्याने त्याचीही त्रुटीमर्यादा मोठी आहे.