शेरीफची यादी वेगळी, कोर्टाचं रेकॉर्ड वेगळं

इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी ग्रुपांवर अधूनमधून एक स्क्रीनशॉट फिरतो. जेलच्या कपड्यातला कुणाचा तरी फोटो, खाली नाव, वय, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि "फेलनी", म्हणजे गंभीर गुन्हा. आणि वर मेसेज, की यांना बेसमेंट भाड्याने द्यायचा विचार होता पण बघा, क्रिमिनल रेकॉर्ड निघालं. मग सगळे "बरं झालं वेळेत कळलं" म्हणून मोकळे. कोणी एकजण तरी विचारेल की केसचं पुढे काय झालं? नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकेन.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, साइटवरची जेलची यादी सगळ्यांना माहितीये, त्यामुळे तिच्यावर फार बोलत नाही. माणसाला अटक करून आत घेतलं की नाव, फोटो, आरोप आणि जामिनाची रक्कम चढते, बऱ्याच काउंट्यांमध्ये माणूस सुटला की नाव खाली उतरतं, पण तोपर्यंत मगशॉटवाल्या (अटकेचे फोटो छापणाऱ्या) खासगी साइट्सनी ते उचललेलं असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहतं. आपल्याकडे एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे शिक्षा झाली असं कोणी धरत नाही ना, मग इथे आल्यावर तेवढी अक्कल कुठे जाते देव जाणे.

आता खरा घोळ. त्या यादीत "फेलनी" हा शब्द कोणी लिहिला? अटक करणाऱ्या ऑफिसरने, त्या रात्री त्याला जे दिसलं आणि सांगितलं गेलं त्यावरून. कोर्टात काय दाखल करायचं ते ठरवतो प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, आणि तो तेच कलम लावेल असं अजिबात नाही. कधी तो काहीच दाखल करत नाही, कधी फेलनीचं मिसडिमीनर करतो, म्हणजे साधारणपणे एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. टेक्सासमध्ये तर फेलनीला ग्रँड ज्युरीचं (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) इंडाइटमेंट, म्हणजे आरोपपत्र, लागतं, आरोपीने स्वतःहून तो हक्क सोडला तर गोष्ट वेगळी, आणि ग्रँड ज्युरीने "नो बिल", म्हणजे आरोपपत्राला नकार, दिला की केस तिथेच थांबते. यातलं काहीही त्या फोटोखाली येऊन कोणी लिहीत नाही. फोटो तसाच, फेलनी तशीच.

म्हणून फेलनी शोधायची तर कोर्टाच्या क्लर्ककडे (कोर्टाचं रेकॉर्ड तोच ठेवतो), आणि तिथेही तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या: अटकेच्या वेळचा आरोप, दाखल झालेला आरोप, आणि डिस्पोझिशन म्हणजे शेवटी काय झालं ते. पहिली ओळ वाचून उडी मारणारे लोक मला सगळ्यात जास्त डोक्यात जातात, कारण डिस्पोझिशन बहुतेकदा त्याच पानावर चार बोटं खाली असतं, नुसतं स्क्रोल करायचं असतं.

बरं, कोर्टाच्या साइटवर पोचलात तरी एक खड्डा आहेच आणि त्यात अगदी हुशार माणसं पडतात. बऱ्याच राज्यांत फेलनीची केस सुरू होते खालच्या कोर्टात आणि चालते वरच्या कोर्टात, आणि दोन्हीकडे तिच्या डॉकेटचे, म्हणजे केसच्या नोंदपानाचे, नंबर वेगळे. पेनसिल्व्हेनिया घ्या, कारण तिथलं पोर्टल फुकट आहे, सगळ्या ६७ काउंट्यांचं एकच आहे आणि खरंच चांगलं आहे. तिथे फिलाडेल्फियाबाहेरची केस आधी मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडे येते, नंबर सुरू होतो एमजे-ने. प्राथमिक सुनावणीत पुरावा पुरेसा वाटला की तिथे "हेल्ड फॉर कोर्ट" लागतं आणि त्या डॉकेटचं स्टेटस होतं "क्लोज्ड". लोक "क्लोज्ड" वाचतात आणि म्हणतात, चला, मिटलं प्रकरण! अहो मिटलं कुठे, आत्ता तर सुरू झालं. ती केस कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये गेली आणि तिथे तिला सीपी-ने सुरू होणारा नवा नंबर मिळाला, मधे काउंटीचा आकडा (मॉन्टगोमेरीचा ४६), मग क्रिमिनलचं सीआर आणि शेवटी वर्ष. शिक्षा झाली की सुटला ते या सीपीवाल्या डॉकेटवर. फिलाडेल्फियात हेच एमसी आणि सीपी असं दिसतं, एमसी म्हणजे म्युनिसिपल कोर्ट.

व्हर्जिनियातही हाच प्रकार. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या नोंदीत "सर्टिफाइड टू ग्रँड ज्युरी" दिसलं की समजायचं, पुढची गोष्ट सर्किट कोर्टात. उलटही होतं, म्हणजे खालच्या कोर्टात "नोले प्रोसेक्वी" लागलं म्हणजे प्रॉसिक्युटरने केस पुढे न्यायची नाही म्हटलं, पण तेवढ्यावर निर्दोष ठरला असंही नाही, कारण नंतर थेट इंडाइटमेंट आणून तेच प्रकरण सर्किट कोर्टात उभं राहू शकतं. तेव्हा खालचा आणि वरचा असे दोन्ही डॉकेट उघडून समोरासमोर ठेवल्याशिवाय कोणाबद्दल काही बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरचं कोर्ट कुठलं, हे राज्यावर. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि रेकॉर्ड डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, काउंटी क्लर्ककडे नव्हे (तिथे लग्नाचं लायसन्स आणि घराचे कागद मिळतील). कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत सुपीरियर कोर्ट, इलिनॉय आणि फ्लोरिडात सर्किट कोर्ट, ओहायोत कॉमन प्लीज. न्यूयॉर्क शहरात फेलनी चालते सुप्रीम कोर्टात, जे नाव सोडून कुठल्याही अर्थाने सर्वोच्च नाही, आणि शहराबाहेर मुख्यतः काउंटी कोर्टात. न्यू जर्सीचा कायदा फेलनी म्हणतच नाही, "इंडाइटेबल क्राइम" म्हणतो, त्यामुळे फेलनी शब्द शोधून काही सापडलं नाही म्हणून खूश होऊ नका.

फेडरल केस यातल्या कुठेच दिसत नाही. व्हिसा फ्रॉड, वायर फ्रॉड, असल्या गोष्टी फेडरल कोर्टात जातात आणि त्या पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन रेकॉर्डवर, बघायच्या. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत बिल ३० डॉलर किंवा त्याच्या आत असेल तर माफ. टेक्सासचं डिस्ट्रिक्ट कोर्ट आणि यूएस डिस्ट्रिक्ट कोर्ट (हे फेडरल) ही वेगळी आहेत, बास, एवढंच.

दुसरी एक चूक म्हणजे माणूस राहतो त्या काउंटीत शोधणं. केस असते गुन्हा घडला त्या काउंटीत. कॉलिन काउंटीतल्या फ्रिस्कोत राहणाऱ्या माणसाचं प्रकरण ह्यूस्टनमध्ये झालं असेल तर ते हॅरिस काउंटीत सापडेल, कॉलिनमध्ये कितीही शोधा.

आणि ऑनलाइन दिसत नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. न्यूयॉर्कच्या फुकट क्रिमिनल साइटवर पुढची तारीख लागलेल्या केसेसच दिसतात, संपलेली केस तिथून गायब. जुनं हवं तर राज्याच्या कोर्ट प्रशासनाकडे ९५ डॉलर भरून नाव आणि जन्मतारखेवर सर्च करून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात क्रिमिनल केसचे कागद सहसा घरबसल्या मिळत नाहीत, कोर्टात जाऊनच बघायचे. शिवाय २०२१ मध्ये रिव्हरसाइडच्या कोर्टाविरुद्धच्या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की क्रिमिनल इंडेक्स जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्स नंबर टाकून शोधू द्यायचा नाही. म्हणजे हातात उरलं फक्त नाव, आणि आपली नावं तर माहितीच आहेत, पाटील आणि कुलकर्णी ढिगाने. वर वडलांचं नाव कधी मिडल नेममध्ये, कधी पहिल्या नावाला चिकटून, आणि पासपोर्टवर नाव-आडनाव नीट तोडलेलं नसेल तर पहिल्या नावाच्या जागी नुसतं एफएनयू, म्हणजे "फर्स्ट नेम अननोन". तेव्हा आडनाव आणि पहिलं अक्षर टाकून शोधा, आडनावाच्या दोनतीन स्पेलिंगांनी शोधा, आणि जुळलं असं वाटलं तरी जन्मवर्ष आणि पत्ता दुसरीकडून पडताळा.

"फक्त अमुक डॉलरमध्ये कोणाचंही रेकॉर्ड" वाल्या साइट्सना पैसे देऊ नका. त्या शेरीफच्या याद्या, जुने पत्ते आणि कोर्टाच्या अर्धवट नोंदी यांची खिचडी देतात, आणि तळाला बारीक अक्षरात लिहितात की नोकरी किंवा भाडेकरू ठरवायला ही माहिती वापरू नये. नॅनी किंवा भाडेकरूचं खरंच तपासायचं असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी घेऊन रीतसर बॅकग्राउंड चेक करा, १९७० पासून त्यासाठी फेडरल कायदा आहे. त्यात दोषी न ठरलेली अटक सात वर्षांनंतर रिपोर्टमध्ये साधारणपणे येऊही शकत नाही. ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटला असलं बंधन कुठलं!

आता ज्यांना स्वतःचंच रेकॉर्ड काढायचंय, नॅचरलायझेशनसाठी, म्हणजे नागरिकत्वासाठी, त्यांच्यासाठी. केस झाली असेल तर शेरीफचं पत्र किंवा साइटची प्रिंट चालत नाही, क्लर्ककडून सर्टिफाइड डिस्पोझिशन लागतं, शिक्का असलेलं. टेक्सासमध्ये "डिफर्ड अॅडज्युडिकेशन" (दोषी ठरवणं पुढे ढकलणं) मिळालं की वकील सांगतो हे कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरणं, नाही, आणि राज्याच्या कायद्यात ते बरोबरही आहे, पण गुन्हा कबूल केला आणि जजने काही अटी घातल्या तर इमिग्रेशन कायदा त्याला कन्व्हिक्शनच धरतो. फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा, क्रिमिनलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. नोंद एक्सपंज झाली, म्हणजे कोर्टाने पुसून टाकली, असली तरी अटकेचा प्रश्न आला की ती सांगावीच लागते.

अटक झाली पण केस दाखलच झाली नाही, तर गाडी परत फिरते: तेव्हा ज्यांनी अटक केली त्या खात्याकडून किंवा कोर्टाकडून "आरोप दाखल झाले नाहीत" असं अधिकृत पत्र घ्यायचं. आणि केस इतकी जुनी की क्लर्क म्हणाला फाइल नष्ट झाली, तर तसंच परत येऊ नका. रेकॉर्ड उपलब्ध नाही हेच त्याच्याकडून लिहून आणि सर्टिफाय करून घ्या, आणि दोन प्रती मागा.