छोटी गाडी, मुरमाचं मैदान : ऑटोक्रॉसची पार्श्वभूमी

मोटारींची शर्यत म्हटली की कोल्हापुरात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात. एक टीव्हीवरची फॉर्म्युला वन, दुसरं रात्री उशिरा हायवेवर फाटक्या सायलेन्सरने पळवलेली गाडी. पहिलं परवडत नाही आणि दुसरा गुन्हा आहे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी शर्यत आहे. तिच्यात रोज कामाला नेतो ती अल्टो, झेन किंवा स्विफ्ट घेऊन उतरता येतं, आणि नीट चालवली तर दुप्पट किमतीच्या गाडीला मागे टाकता येतं. ती म्हणजे ऑटोक्रॉस.

खेळ समजायला सोपा आहे. मोकळ्या, बंदिस्त मैदानावर कोन आणि फितीने वाट आखतात. ती मुद्दाम वाकडी असते. नागमोडी रांग, आवळलेलं वळण, छोटीशी सरळ पट्टी, पुन्हा वळण. मुकाबला घड्याळाशी असतो, दारं घासत शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीशी नव्हे. काही मैदानांवर दोन गाड्या एकाच वेळी सोडतात, पण तेव्हाही त्यांच्यात पुरेसं अंतर ठेवलेलं असतं. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात, वाट चुकली तर ती फेरीच बाद. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते, त्यामुळे इंजिनाच्या ताकदीला एका मर्यादेपलीकडे अर्थ उरत नाही. वजन कमी, वळण्याची जागा कमी आणि चालवणाऱ्याचा हात बसलेला, एवढं असलं की वेळ चांगली येते.

या खेळाचं मूळ मोटारीच्याही आधीचं आहे आणि ते आपल्याकडे येऊन पोचतं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांमध्ये घोडदळाचे खेळ होत. रोवलेल्या खांबांमधून घोडा नागमोडी काढायचा, वळवायचा, थांबवायचा. हे जिमखान्याचे खेळ. पुढे मोटारी आल्यावर इंग्लंडातल्या क्लबांनी तोच आराखडा उचलला आणि घोड्याच्या जागी गाडी आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पेट्रोलवर रेशन होतं. ते १९५० मध्ये उठलं आणि हौशी मंडळी शेतकऱ्यांची कापणी झालेली रानं एका दिवसापुरती मागून घेऊन गवतावर, मातीवर गाड्या फिरवू लागली. ब्रिटिश ऑटोक्रॉस तो हाच. त्यातूनच पुढे ४ फेब्रुवारी १९६७ रोजी इंग्लंडातल्या लिडन हिल इथे टीव्हीसाठी रॅलीक्रॉसची, म्हणजे बंद ट्रॅकवर अनेक गाड्या एकदम सोडून होणाऱ्या शर्यतीची, पहिली फेरी झाली.

अमेरिकेत हाच खेळ डांबरावर गेला. रिकामी पार्किंगची मैदानं आणि बंद पडलेल्या धावपट्ट्या तिथे मुबलक. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली. तिथे पाडलेल्या प्रत्येक कोनाला दोन सेकंदांचा दंड आहे, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजणाऱ्या खेळात दोन सेकंद म्हणजे दिवसाचा निकाल लागल्यासारखंच. गाड्यांचे वर्ग इतके बारीक पाडलेले आहेत की साध्या, स्वस्त हॅचबॅकला तिच्याच तोलाच्या गाड्यांशी लढता येतं. भारतात मात्र ऑटोक्रॉस म्हटलं की अजूनही प्रामुख्याने मातीचा ट्रॅक. आपले ऑटोक्रॉसवाले बहुतेक रॅलीच्या, म्हणजे रस्त्यांवरून टप्प्याटप्प्याने वेळेवर चालणाऱ्या लांब शर्यतीच्या, वाटेने आले किंवा रॅलीकडे निघाले, आणि रॅलीला हात तयार होतो तो मातीवरच.

छोट्या गाडीचं नशीब पालटलं ते १९५९ मध्ये. त्या वर्षी अॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी बाजारात आली. ८४८ सीसीचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, आणि दहा इंची चाकं गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत. हा सगळा घाट घरातली चार माणसं कमी जागेत बसावीत आणि पेट्रोल कमी लागावं म्हणून. शर्यत कोणाच्या मनातही नव्हती. पण चाकं कोपऱ्यात गेल्यामुळे गाडी वळणात घट्ट बसू लागली, आणि रेसिंग कार बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या ते लक्षात आलं. १९६१ मध्ये मिनी कूपर आली. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षी मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिले तीन क्रमांक मिनीचेच होते, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्या बाद ठरवल्या गेल्या. बचतीसाठी केलेली रचना वळणावर मोठ्या गाड्यांना भारी पडते, हे या गाडीने जगाला दाखवून दिलं. आज आपल्या दारात उभी असलेली प्रत्येक स्वस्त हॅचबॅक इंजिनाच्या मांडणीपुरती तिचीच वारसदार आहे.

भारतात त्या काळी अशी गाडी नव्हतीच. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या. हातात होत्या त्या फियाट, अॅम्बेसेडर आणि हेराल्ड. तिन्हींची ओढ मागच्या चाकांना, आणि अॅम्बेसेडरचं वजन तर अकराशे किलोंच्या वर. त्यांवर मंडळींनी केलेली कारागिरी थक्क करणारी होती. पण सामान्य पगारदाराने नवी गाडी घ्यावी आणि रविवारी तीच मैदानात उतरवावी, असा तो जमाना नव्हता. १९७१ मध्ये देशभरातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांचा महासंघ उभा राहिला आणि नियम, परवाने एका छत्राखाली आले. १९८० मध्ये नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली आणि परदेशी संघही इकडे येऊ लागले.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, बारा इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सव्वादोन मीटरांहून कमी. ऑटोक्रॉससाठी गाडी हवी म्हणून कोणी कागदावर आकडे मांडले असते, तर ते फार वेगळे आले नसते. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी तर याच गाडीचं इंजिन घेऊन एका माणसाची रेसिंग कार बनवली, फॉर्म्युला मारुती. भारतात रेसिंग स्वस्त करण्याचं एवढं मोठं काम दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच झाली. ७९६ सीसीच्या इंजिनातून माणूस कुठवर जाऊ शकतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

१९९३ मध्ये झेन आली. ९९३ सीसीचं, पूर्ण अॅल्युमिनियमचं, झटकन वर जाणारं इंजिन आणि जमिनीलगत बसलेला बांधा. जुन्या ऑटोक्रॉसवाल्यांसमोर झेनचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचा आवाज बदलतो. २००५ मध्ये १.३ लिटरची स्विफ्ट आली. त्याच्या पुढच्याच वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पाने एक रेघ ओढली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर अबकारी कर कमी. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची पेट्रोल इंजिनं ११९७, ११९८, ११९९ अशा आकड्यांवर येऊन थांबली. आपल्याकडच्या ऑटोक्रॉसमधले वर्ग साधारणपणे ११००, १४०० आणि १६५० सीसी असे पाडलेले असतात. कराची ही रेघ त्यांतल्या मधल्या वर्गात पडली, आणि निम्म्या देशाच्या गाड्या आपोआप एकाच गटात आल्या.

आता कोल्हापूर. इथल्या मोटारींचा इतिहास सांगायला बसलं की बोलणं हमखास छत्रपती राजाराम महाराजांच्या मेबॅकवर जातं. १९३६ सालची ती जर्मन गाडी अजून दसऱ्याच्या सोहळ्यात दिमाखात निघते, आणि ती बघायला लोटणारी गर्दी मला मनापासून आवडते. पण ऑटोक्रॉसचा धागा राजवाड्यातून निघत नाही, तो कारखान्यांच्या उद्यमनगरातून निघतो. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी उपसून द्यायला ऑइल इंजिनं लागत. ती आधी दुरुस्त करता करता आणि मग बनवता बनवता इथे मिस्त्री, टर्नर, फिटर, मोल्डर यांच्या पिढ्या तयार झाल्या. तासाभरावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने या पट्ट्याला यंत्राची गोडी आधीच लावली होती. पुढे पंपांना वीज मिळाली, ऑइल इंजिनाची मागणी उतरली आणि इथल्या फौंड्र्या वाहनांच्या कास्टिंगकडे वळल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतलेले सुटे भाग आज देशभरातल्या गाड्यांत फिरत आहेत.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की हौशी ऑटोक्रॉसमध्ये खरा खर्च गाडी घेण्याचा नसतो, ती पुन्हा पुन्हा उभी करण्याचा असतो. मुरमावर दिवसभर फेऱ्या मारल्या की चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश जातात, शॉकअप गळू लागतात, इंजिनाचं माउंटिंग तुटतं, इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दगडाला लागतो. मोठ्या शहरात यातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर म्हणजे नवा भाग. कोल्हापुरात लेथवाल्याकडे जायचं, नमुना दाखवायचा, आणि संध्याकाळपर्यंत मूळच्यापेक्षा जाड बुश हातात घ्यायचं. चेंबरखाली पत्र्याचं कवच वेल्डिंग करून मिळतं. असं गाव छोट्या गाडीच्या खेळासाठीच बनलेलं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मैदानात उतरलेली छोटी गाडी जवळून बघावी. आवळलेल्या वळणावर येताना चालवणारा ब्रेक दाबतो तेव्हा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. त्याच क्षणी स्टेअरिंग वळतं आणि हलकी झालेली शेपटी बाहेर सरकू लागते. डांबरावर आतल्या बाजूचं मागचं चाक चक्क हवेत उचललेलं दिसतं. मातीवर हँडब्रेकचा एक नेमका झटका बसतो, मागची चाकं जागीच अडकतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे हँडब्रेक इंजिनाशी झगडत नाही. तोंड कोनापलीकडे आलं की हँडब्रेक सोडायचा आणि अॅक्सिलरेटर द्यायचा, पुढची चाकं गाडीला ओढून बाहेर काढतात. नवखा माणूस नेमका इथेच फसतो. वळणाच्या मधोमध घाईने पाय दाबला की पुढची चाकं वळवण्याचं आणि ओढण्याचं अशी दोन्ही कामं एकदम करू शकत नाहीत, आणि गाडी सरळ कोनांच्या रांगेत घुसते. पाऊण टनाची गाडी हे शिकवताना फार नुकसान करत नाही. दीड टनाची करते.

टायरच्या हवेचं गणितही इथेच उमगतं. पुढची हवा बाजूची भिंत दुमडणार नाही इतकी ठेवायची, मागची त्याहून थोडी वाढवून शेपटी सैल करायची. प्रत्येक फेरीनंतर टायरच्या खांद्यावर खडूने मारलेली रेघ कुठवर घासली ते बघून एखाद-दुसरा पॉइंट कमी-जास्त करायचा. याला पैसे लागत नाहीत, फक्त हवेचा गेज आणि चिकाटी लागते.

कोल्हापूरने मोठ्या रेसिंगला माणसं दिली आहेत. जवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग (छोट्या, उघड्या कार्ट गाड्यांच्या) स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या राष्ट्रीय शर्यतीत उतरले, कृष्णराज महाडिक फॉर्म्युला वनच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले. या सगळ्यांचा अभिमान आहेच. पण कार्टिंगपासून फॉर्म्युलापर्यंतची वाट पैशाची आहे आणि ती बहुधा लहान वयातच धरावी लागते. तिशीतल्या शिक्षकाला, दुकानदाराला किंवा सीएनसी ऑपरेटरला जी वाट खुली आहे ती ऑटोक्रॉसची, आणि तिच्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेलं आहे.

त्यात जागेचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वाढवली. हा कायदा योग्यच आहे. म्हणून मैदान बंदिस्त हवं, प्रेक्षक दोरीच्या नव्हे तर पक्क्या अडथळ्याच्या मागे हवेत, अॅम्ब्युलन्स आणि आग विझवायची सोय हजर हवी. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते आणि उन्हाळ्यात फुफाट्यात पुढचं काही दिसत नाही. मुरूम पसरून, रोलर फिरवून, टँकरने पाणी मारून तयार केलेली जमीन दिवाळी ते होळी या काळात उत्तम चालते. पण तेच ऊसतोडीचेही दिवस, आणि टँकर, रोलर, माणसं सगळी तिकडे गुंतलेली असतात. आयोजकाने हे आधी धरून चालावं.

गाडी कोणती घ्यावी, असं कोणी विचारलं तर माझं मत स्पष्ट आहे. झेन आता चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण झालं आहे. तिचं उत्पादन २००६ मध्ये थांबलं, आणि ज्यांच्याकडे नीट आहे ते विकत नाहीत. पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट १४०० सीसीच्या वर्गात बसते, तिला ओढायचा साधा हँडब्रेक आहे आणि तिचे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. घेताना खालून बघावी. सिलला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, गंज नसावा, क्रॉस मेंबर, म्हणजे खालचा आडवा आधार, वाकलेला नसावा, अलाइनमेंट जुळत असावं. पंधरा वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आधी तपासावं. मग पहिला खर्च टायर आणि हेल्मेटवर करावा. इंजिनाला पहिला हंगामभर हात लावू नये.