वाय-फायवरचे कॉल: हँडसेट निवडण्याआधी वाचा

वाय-फाय हँडसेट घेताना पहिला प्रश्न बहुधा स्पीडचा असतो. पण बोलायला स्पीड फारच कमी लागते. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे बिट करण्याच्या पद्धतीत) एका दिशेचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिटमध्ये मावतो, हेडर (सोबत जाणारी पत्त्याची माहिती) धरून शंभरेक किलोबिट. मग खोक्यावर शेकडो मेगाबिट लिहिलेले असूनही "हॅलो, ऐकू येतंय का?" का सुरू होतं?

कारण आवाजाला वेळ पाळावी लागते. तो २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला इकडून ५० पॅकेट आणि तिकडून ५०. फाइल उतरवताना एखादं पॅकेट रेंगाळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. बोलण्यात उशिरा आलेलं पॅकेट न आल्यातच जमा. तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. आणि वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. शेजारच्या लॅपटॉपचा बॅकअप चालू झाला की हँडसेट ताटकळतो.

यावर उपाय म्हणून २००५ मध्ये ८०२.११ई हे वाय-फायचं मानक आलं. त्यातलाच भाग वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने २००४ पासून डब्ल्यूएमएम या नावाने प्रमाणित करायला घेतला होता. यात चार रांगा असतात: आवाज, व्हिडिओ, साधा डेटा, मागे चालणारी कामं. हवेत जाण्याआधी प्रत्येक यंत्र थांबण्यासाठी एक आकडा उचलतं. साध्या डेटाला तो सुरुवातीला ० ते १५ मधला मिळतो, आवाजाला ० ते ३ मधला. त्यामुळे गर्दीतही आवाजाचा नंबर बहुतेकदा आधी लागतो. डब्ल्यूएमएम कधीही बंद करू नका. ते बंद केलं तर ८०२.११एन आणि पुढचे वेगही मिळत नाहीत.

इथे एक बारीक खोच आहे, आणि ती आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. नेटवर्कवर आवाजाच्या पॅकेटला सहसा ४६ ही डीएससीपी खूण (पॅकेटचं प्राधान्य सांगणारा आकडा) असते. बरीच यंत्रं या आकड्याचे फक्त वरचे तीन बिट वाचतात, त्यातून ५ निघतो, आणि ५ म्हणजे वाय-फायमध्ये व्हिडिओची रांग. आवाजाला ६ हवा. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ही जुळणी नीट लिहून दिली आहे. तुमच्याकडे काय होतंय ते बघायचं असेल तर कॉल चालू ठेवून ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय पुरवणाऱ्या खोक्याच्या) आकडेवारीत आवाजाच्या रांगेचा काउंटर पाहा. तो हलत नसेल तर खूण वाटेत हरवते आहे किंवा चुकीच्या रांगेत जाते आहे.

दुसरी अडचण चालता चालता बोलण्याची. हँडसेट एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा ८०२.१एक्स या लॉगिन पद्धतीने पूर्ण ओळख पुन्हा पटवायची ठरली, तर शेकडो मिलिसेकंद जाऊ शकतात आणि अख्खा शब्द गळतो. २००८ चं ८०२.११आर ही ओळख थोडक्यात आटोपतं. त्याच वर्षीचं ८०२.११के हँडसेटला आसपासच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतं. २०११ चं ८०२.११व्ही कुठे वळावं ते सुचवतं. पण दोन्ही बाजूंना सोय हवी. काही जुनी यंत्रं ८०२.११आर चालू असलेल्या नेटवर्कला जोडलीच जात नाहीत, म्हणून फोनसाठी वेगळं नेटवर्क नाव ठेवलेलं बरं.

सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक) कमकुवत होऊ देऊ नका. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, कारण २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ॲक्सेस पॉइंटची पॉवर मात्र पूर्ण चढवू नका. हँडसेटचा ट्रान्समीटर लहान असतो. ॲक्सेस पॉइंटचा आवाज त्याच्यापर्यंत येतो, त्याचा परत पोचत नाही. समोरचा ऐकू येतोय पण त्याला आपण ऐकू जात नाही, ही तक्रार आली की आम्ही आधी पॉवरच तपासतो.

बॅटरीसाठी हँडसेटमध्ये यू-एपीएसडी ही वीज वाचवणारी सोय आहे का ते पाहा. तिच्यामुळे दोन पॅकेटांच्या मधे रेडिओ झोपतो.

ऑर्डर देण्याआधी इमारतीचा नकाशा, ॲक्सेस पॉइंटची मॉडेलं आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण बोलतील हा आकडा आमच्याकडे द्या. जिने, लिफ्ट आणि तळघर त्यात जरूर दाखवा. कॉल तिथेच जास्त तुटतात.