वीस मिलिओहमचं नावीन्य

लॅमिंग्टन रोडवर एका जिन्याखाली, दोन फुटांच्या टेबलावर चार्जर आणि पॉवर बँक दुरुस्त करणारे एक काका बसतात. माझ्या वायरलेस चार्जरला विचित्र खोड लागली होती. फोन ठेवला की पाच मिनिटांत लाल दिवा लुकलुकायचा आणि चार्जिंग बंद. काकांनी पातळ पातं घालून झाकण टक्कन उडवलं. आत तांब्याच्या बारीक तारांच्या पेडाची चपटी कॉइल, तिच्याखाली फेराइटचा काळा पत्रा आणि बोर्डच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. भिंगातून त्यावर 'आर020' असं दिसलं.

"हा मुनीम," काका म्हणाले. "याचं सोल्डर सुटलंय, म्हणून हिशोब चुकतोय."

आर020 म्हणजे 0.020 ओहमचा रेझिस्टर, वीस मिलिओहम. रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला रोध करणारा, अडवणारा भाग. त्यातून 2 अँपिअर प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत 40 मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो अ‍ॅम्प्लिफायरने वाढवून मोजला की प्रवाह कळतो. बदल्यात 0.08 वॅट उष्णतेत वाया जातात. मोठा रेझिस्टर लावला तर मोजणं सोपं, पण वाया जास्त. लहान लावला तर वाया कमी, पण मोजायचा संकेत गोंगाटात बुडतो. ओहमचा नियम 1827 सालचा. तरी असा प्रवाह मोजण्याच्या पद्धतींसाठी पेटंटचे अर्ज येतच असतात. मग यात आज कुणी पेटंट मागावं असं काय उरलंय?

उत्तरासाठी आधी मुनिमाचं काम बघू. कॉइलमधून सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह फिरवला की फोनमधल्या कॉइलमध्ये वीज उपजते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं तेच. फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलतातही, आणि तेही त्याच कॉइलमधून. फोन स्वतःचा भार किंचित कमीजास्त करतो, त्याचे हेलकावे चार्जरच्या कॉइलमध्ये उमटतात. वायरलेस चार्जिंगचे बहुतेक फोन पाळतात त्या 'ची' (Qi) नावाच्या मानकात हा हेलकावा किमान 15 मिलिअँपिअरचा असला तरी चालतो. वीस मिलिओहमवर तो मोजायला गेलात तर हाती येतात 0.3 मिलिव्होल्ट.

या बोलण्यात फोन सांगतो, मला एवढे वॅट मिळाले. चार्जरला माहीत असतं, आपण किती दिले. मुंबईतल्या सोसायटीत पाण्याचा हिशोब असाच होतो: मुख्य मीटरवर आलेलं पाणी आणि घराघरांतल्या मीटरांची बेरीज जुळली नाही, की कुठेतरी गळती. इथे गळती म्हणजे फोनखाली राहिलेलं नाणं किंवा किल्ली. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि तो तापतो. 10 वॅटच्या चार्जरने मोजण्यात 5 टक्के चूक केली तर अर्ध्या वॅटची चोरी लपून जाते, आणि बारक्या अंगठीला चटका बसण्याइतकं तापवायला ते पुरतं. माझ्या चार्जरचं उलटं झालं होतं. सोल्डर सुटल्याने रोध वाढला, 'मी फार वीज देतोय' असं त्याला वाटलं, आणि नसलेल्या नाण्याच्या भीतीने तो थांबायचा.

म्हणजे स्पर्धा आहे ती हा आकडा कमी खर्चात, कमी चुकीत मोजण्याची. तिथूनच अर्ज पेटंट कार्यालयात येतात. देशातल्या चार कार्यालयांपैकी मुंबईचं अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात. अर्ज इथे दाखल झाला तरी परीक्षक दिल्लीचा किंवा कोलकात्याचा असू शकतो. तपासणी आपोआप होत नाही, वेगळी मागावी लागते. 2024 च्या नियमबदलापासून त्याला मुदत 31 महिने. परीक्षक सहसा सोल्डरिंग आयर्न हातात घेत नाही, तो वाचतो. जगभरची पेटंटं कप्प्यांत लावलेली असतात: एच 02 जे 50/60 हा बिनतारी वीजवहनात आलेली परकी वस्तू ओळखण्याचा कप्पा, जी 01 आर 19 प्रवाह मोजण्याचा.

एक काल्पनिक अर्ज घेऊ. दावा क्रमांक 1, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय त्याचं वर्णन: कॉइलला जोडलेला रेझिस्टर, त्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि नाणं ओळखणारा नियंत्रक. परीक्षक हे वाक्य भाजीसारखं चिरतो आणि प्रत्येक फोड जुन्या कागदांत शोधतो. रेझिस्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर एका पेटंटात, नियंत्रक दुसऱ्यात. दोन्ही एकत्र आणणं या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं, असा पहिला अहवाल येतो. ओळखीचे भाग नुसते शेजारी मांडले आणि प्रत्येकजण आपापलं नेहमीचंच काम करत राहिला, तर पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) आडवं येतं. सगळं नावीन्य सूत्रातच असेल तर 3(के): गणित आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही.

हा 'जाणकार' म्हणजे कायद्यातलं सगळ्यात मजेशीर पात्र. सगळं वाचलेला, पण कल्पकता बेताची. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा खटला होता. लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट न्यायालयाने टिकू दिलं नाही. कारखान्यातला कुशल कारागीर करेल तेवढीच ही सुधारणा, त्यात शोध नाही. मला हा निकष रास्त वाटतो, पण कठीणही. उत्तर बघितल्यावर सगळंच सोपं वाटतं.

आता अर्जदार दावा आकसतो. रेझिस्टर काढून बोर्डवरची तांब्याची पट्टीच तो रेझिस्टर म्हणून वापरतो. पैसे वाचले, पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. चार्जर 40 अंशांनी तापला की चूक जवळजवळ 16 टक्के. तापमानाप्रमाणे दुरुस्ती करणं जुनंच, परीक्षक म्हणेल. अर्जदार म्हणेल, पण मी वेगळा सेन्सर लावलेलाच नाही. कॉइलच्या स्वतःच्या वागण्यातून तापमान काढतो. तसं आधी कुणी केल्याचा कागद सापडला नाही, तर वाद खरा रंगतो. चार ओळींचा दावा तोवर पानभर झालेला असतो, आणि त्याने अडवलेली जागा बोटभर.

अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध झाला की पेटंट मिळेपर्यंत कुणालाही आक्षेप घेता येतो. ही गोष्ट देशात आधीपासून लोकांच्या वापरात होती, हाही त्यातला एक आधार. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ड्रॉवर ओढला. आत जुन्या बोर्डांचा खच, त्यातल्या दोघातिघांवर रेझिस्टरच्या जागी नागमोडी तांब्याची पट्टी.

"बोर्ड पाहिजे तेवढे आहेत," ते म्हणाले. "तारखेचं बिल कुणी ठेवलंय?"