ठाण्यातली कॅथलिक हायस्कुलं : माध्यमाच्या वादाची पार्श्वभूमी

तलावपाळीजवळचं चर्च पोर्तुगीज काळातलं. १७३७मध्ये ठाणं मराठ्यांनी घेतलं, १७७४मध्ये इंग्रजांनी. चर्चभोवतीचे स्थानिक ख्रिस्ती मात्र इथलेच राहिले. घरात त्यांची मराठी बोलीच. गोव्याहून, मंगळुरूहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांशी नोकऱ्यांत स्पर्धा होती, म्हणून १८८७मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे वेगळं नाव घेतलं. रेल्वेत किंवा कचेरीत चिकटायचं तर इंग्रजी हवं. मराठी बोलणाऱ्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या भाविक-समाजाच्या, शाळेत इंग्रजी माध्यम का, याचं उत्तर त्या गरजेत आहे.

खरा पेच स्वातंत्र्यानंतरचा. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन (वडिलांकडून युरोपीय वंशाचे भारतीय) आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यायचा. आधीपासून शिकणाऱ्यांना धक्का नव्हता. मुलांनी देशी भाषेत शिकावं हा हेतू चांगलाच होता आणि मला तो आजही पटतो. पण मूल कुठल्या भाषेत शिकणार हे त्याच्या जन्मावरून ठरवायचं, हे कुठल्याच तत्त्वात बसत नव्हतं. ठाण्याच्या कॅथलिक मुलाचं काय झालं असतं बघा. शाळा त्याच्याच चर्चच्या आवारात, पण तो अँग्लो-इंडियन नाही. म्हणजे तिथल्या इंग्रजी वर्गाचं दार शेजारच्या हिंदू मुलाइतकंच त्यालाही बंद!

प्रकरण देवळालीच्या एका शाळेवरून कोर्टात गेलं. आधी उच्च न्यायालयाने आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मोडीत काढला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २९(२) त्यामागे होतं. अल्पसंख्याकांच्या शाळा म्हटलं की त्यांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणारं कलम ३० आठवतं. पण सगळ्यांच्या मुलांसाठी दार उघडं राहिलं ते कलम २९(२)मुळे. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, याची खंत वाटते.

पुढे वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभी राहिली, शहर वाढलं आणि बाकांवर मराठी हिंदू घरांतली मुलं दिसू लागली. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) एका वर्गात आणि बाकीची मॉरल सायन्सला दुसऱ्या, हा तासांचा बदल इथे शिकलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही.

२०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. आता वाद आहे तो शिक्षणहक्क कायद्यानुसार वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या २५ टक्के आरक्षित प्रवेशांचा. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि तो मोठ्या पीठाकडे न्यावा का, हे ठरवण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवलं.